पोचणारा पत्ता

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘शेळीपालन मार्गदर्शन, हिंगोली’. सदस्य बारा. त्यातले अकरा जण म्हणजे पुरुषांवर जीव लावणारे आम्ही पुरुष, आणि बाराव्या सिद्धेश्वर गावच्या मोतीबाई. मोतीबाईंना खरोखरच शेळीपालनाचं मार्गदर्शन हवं होतं. त्यांना कुणी घेतलं हे आजतागायत कळलेलं नाही, आणि काढलं तर संशय येईल म्हणून काढलंही नाही. त्या रोज सकाळी आवाजी मेसेजवर आपल्या शेळीची तब्येत कळवतात. आम्ही अकरा जण फुलं पाठवतो.

ग्रुपमध्ये खरं नाव लावायचं नाही, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. फोटो नाही, घरचा पत्ता नाही. कायद्यानं मोकळीक देऊन बरीच वर्षं झाली असली, तरी ती बातमी आमच्या घरांकडं अजून निघालेली नाही. मात्र नवीन माणूस घ्यायचा झाला की ग्रुप चालवणारा भारत पहिला प्रश्न विचारायचा, “आडनाव?” चेहरा लपवलेला चालायचा. आडनाव लपवलेलं चालायचं नाही.

त्याचा परिणाम असा झाला, की अख्ख्या जिल्ह्यात नसतील एवढे देशमुख आणि पाटील आमच्या ग्रुपमध्ये भरती झाले. दोन राजे होते. भारत स्वतः ‘रणवीर सरदेशमुख’ होता. गोरेगावचा प्रभू ‘पाटील साहेब’ होता. मी देशपांडे होतो.

मी म्हणजे नामाजी पोले, राहणार साखरा. घर धनगराचं, दारात शेळ्या. लग्न केलं नाही. गावानं त्याचं कारण माझ्या नोकरीत शोधलं, आणि मी गावाला अडवलं नाही. नोकरी पोस्टाची, अडतीस वर्षं. कुठल्या गावात कुठल्या आडनावाचं घर कुठल्या गल्लीत, हे मला झोपेतून उठवून विचारा. पोस्टातली नोकरी मी ग्रुपला खरी सांगितली होती, त्यामुळं नवीन माणसाची तपासणी माझ्याकडं आली. भारत आडनाव आणि गाव कळवायचा, मी ‘बराबर’ असं उत्तर द्यायचो. एकही बराबर नसायचं. ज्या गावात देशमुखाचं एक घर नाही, तिथले दोन देशमुख मी पास केले. त्यांचं टपाल उघडलं असतं तर माझंही उघडावं लागलं असतं.

देशपांडे असण्याचे फायदे होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या अंगाला, लिंबाखाली जमायचो आणि रोडगे करायचो. सतरंजीवरची मधली जागा माझी. माझ्यासाठी प्रभू बिनकांद्याचं वरण वेगळ्या पातेल्यात करायचा. मटणाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघून गप्प व्हायचे. आठवड्यातून दोनदा रस्सा ओरपणारा मी माणूस, तीन वर्षं तिथं वांग्याच्या भाजीकडं बघत बसलो.

मग प्रेमानंद आला.

भारतनं विचारलं, “आडनाव?” त्यानं लिहिलं, ‘प्रेमानंद सोनाजी पाईकराव, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव. बौद्ध. जनावरांच्या दवाखान्यात लस टोचतो.’ खाली स्वतःचा हसरा फोटो. अख्ख्या यादीत तेवढा एकच पत्ता असा होता, की त्यावर टाकलेलं पत्र पोचलं असतं.

भारतनं मला फोन केला. “काका, हे बराबर हाये का?”

“बराबर हाये,” मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबायचं, तर पुढं गल्लीसुद्धा सांगितली. विहाराच्या मागची, तिसरं घर.

“मंग कसं करायचं? आपण काही जात मानत न्हाई…”

“न्हाई ना?”

“न्हाईच. पण बाकीच्यांना तकलीफ नको.”

बाकीचे म्हणजे नेमके कोण, हे मी विचारलं नाही. प्रेमानंदला घेतलं.

आता रोडगे कसे करतात ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक जण जाड कणीक मळतो आणि तिचे गोळे वळतो. दुसरा गोवऱ्या रचून जगरा पेटवतो. निखारे झाले की गोळे त्यात पुरायचे, भाजले की राख झटकून फोडायचे आणि वर वरण घ्यायचं. पहिल्या रविवारी भारत म्हणाला, “प्रेमा, तू गोवऱ्यांचं बघ.” त्यानं बघितलं. दुसऱ्या महिन्यात कुणी न सांगता गोवऱ्या त्याच्याकडंच गेल्या. पहिल्या दिवशी एक ताट कमी पडलं. पुढं ते दर महिन्याला कमीच पडत गेलं, आणि तो आपलं ताट घरून आणू लागला. परातीला हात लावू नको असं दोन वर्षांत त्याला कुणी म्हणालं नाही. एवढं न बोलता एकमत आमच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर झालं नाही.

मोतीबाईंना मात्र तो आल्यापासून सुख झालं. शेळीचं पोट फुगलं की हा लगेच उत्तर द्यायचा, किती तेल पाजायचं, कसं चालवायचं. मला ते सगळं ठाऊक होतं, पण देशपांड्याला ते ठाऊक असणं शोभलं नसतं.

गेल्या वर्षी एकदा तो लस टोचायला साखऱ्यात आला. माझ्या दारात बत्तीस शेळ्या. मी तोंडाला रुमाल गुंडाळला आणि दोन तास भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. शेळ्या पुतण्यानं धरल्या.

“काका, तब्येत बरी न्हाई का?” प्रेमानंदनं मागून विचारलं.

मी भिंतीकडं बघून मान हलवली. वाटलं, सुटलो.

यंदा हिवाळ्यात मोठ्या शहरातून निरोप आला. शहराचं नाव सांगत नाही, कारण मी तिथं जाऊन आलो हे घरी अजून सांगायचं आहे. तिथं आपल्या लोकांचा अभिमान मोर्चा निघणार होता. बोलावणारी बाई अंजली, आवाज गोड. तिचं म्हणणं, प्रत्येक जिल्ह्याचं बॅनर असेल, ते एक माणूस पुढं धरेल आणि शेवटी दोन मिनिटं बोलेल. मात्र पोलीस परवानगीच्या यादीसाठी त्या माणसाचं खरं नाव, पत्ता आणि आधार कार्ड लागेल.

दोन दिवस ग्रुपवर फक्त मोतीबाई बोलल्या. तिसऱ्या दिवशी प्रेमानंदनं लिहिलं, ‘माझं नाव द्या. मला बॅनर धरायचं हाये. घरी मायला सांगितलं हाये.’

दहा मिनिटांत भारतचा फोन. “काका, कागद त्याचा देऊ. बॅनर मी धरतो, टोपी आन् गॉगल घालून.”

“काहून?”

“तुमीच सांगा, हिंगोली जिल्हा म्हणून पुढं कोण दिसलं पाहिजे? लोक म्हणतील, ह्यांचाच ग्रुप हाये.”

“बघू,” मी म्हणालो. पोस्टात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडात हा शब्द तयार असतो.

पहिला रविवार आला. लिंबाखाली सगळे जमले. प्रेमानंद गोवऱ्या रचत होता. भारत परातीत पीठ चाळत होता, आणि चाळता चाळता, जणू मिठाचं बोलावं तसं, त्यानं सांगून टाकलं, “प्रेमा, तुझं आधार पाठवून दे. बॅनर मात्र मी धरीन.”

प्रेमानंदच्या हातात गोवरी होती. ती त्यानं नीट जागेवर लावली. “काहून?”

“सगळ्यांचं तसंच म्हणणं हाये.”

“सगळे म्हणजे कोण?”

हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. सगळे धरणाकडं बघू लागले. त्या दिवशी धरणात बघण्यासारखं पाण्याशिवाय काही नव्हतं.

प्रेमानंद उठला. कडेला जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, जनावराला हात लावण्याआधी धुतो तसे. परत आला आणि परातीसमोर बसला. “सरक. आज कणीक मी मळतो.”

“अरे, तुला जमणार न्हाई,” भारत म्हणाला. “सवय न्हाई तुला.”

“सवय तुमाला न्हाई. माझ्या मायनं, जनकाबाईनं, दहा वर्षाचा होतो तवा शिकवलं मला. तिच्या हातचा एक रोडगा खाशील तर तुझे दगड वाटतील तुला.”

“वाटून काय राहिलेत,” प्रभू हळूच म्हणाला. “हायेतच.”

प्रेमानंदनं पिठात तेल घातलं आणि बोलता बोलता मळू लागला. आवाज चढलेला नव्हता.

“माझं नाव चालतं तुमाला. पोलिसाच्या यादीत माझा पत्ता चालतो. गोवऱ्याला माझा हात चालतो. कणकेलाच काहून चालत न्हाई? आन् मी त्या मोर्चात कशाला जाऊन राहिलो ठाऊक हाये का? गावात मला एका कारणानं मागं बसवतात. इथं आलो तर वाटलं, इथं तरी पुढं बसीन. तुमीबी मागंच बसवलं, दुसऱ्या कारणानं. आता मधात बसायला जागाच उरली न्हाई मला. म्हणून म्हणतो, आज ह्या कणकेचे रोडगे खातील ते माझ्यासंग बॅनरमागं येतील. कुणीच खाल्लं न्हाई तर माझा कागद मिळणार न्हाई. हिंगोलीचं बॅनर निघणार न्हाई, आन् मी उद्यापासून ग्रुपात न्हाई.”

गोळे जगऱ्यात गेले. रोडगे भाजायला तास लागतो. वास सुटला. खमंग, आतपर्यंत जाणारा. एका राजाच्या पोटात गुरगुरलं ते सगळ्यांनी ऐकलं.

शेवटी भारत म्हणाला, “काका काय म्हणतात ते बघा. काका मोठे हायेत.”

मोठे म्हणजे वयानं नव्हे, हे सगळ्यांना कळलं. पहिला रोडगा प्रेमानंदनं राख झटकून, घरून आणलेल्या आपल्या ताटात माझ्यासमोर ठेवला. वाफ निघत होती. मला, खरं सांगतो, फार थोर वाटू लागलं. देशपांड्यानं खाल्लं की प्रश्नच मिटला. मी हात पुढं केला.

प्रेमानंद वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “काका, खा. पण देशपांडे म्हणून खाऊ नका. देशपांड्यानं खाल्लं तर उपकार होतील. मला उपकार नको, पंगत पाहिजे.”

माझा हात तिथंच राहिला.

“ती डावा कान फाटलेली काळी शेळी बरी हाये का आता?” त्यानं तितक्याच हळू विचारलं. “तिला सुई दिली तवा तुमी भिंतीकडं बघून राहिले होते.”

म्हणजे ह्याला वर्षभर ठाऊक होतं. वर्षभर त्यानं माझ्या वेगळ्या पातेल्याखाली गोवऱ्या सारल्या, आणि कुणाला सांगितलं नाही.

मी मधल्या जागेवरून उठलो. ती जागा चांगली होती; पाठीला झाडाचं खोड यायचं.

“मी देशपांडे न्हाई,” मी म्हणालो. “मी नामाजी पोले. साखऱ्याचा धनगर. शेळ्या बत्तीस. वांगं मला लहानपणापासून आवडत न्हाई. आन् प्रेमानंद, तू आलास तवा भारतनं मला विचारलं होतं. मी तुझी गल्लीसुद्धा सांगितली होती. बाकी कुणाची गल्ली सांगितली न्हाई, कारण बाकी कुणाला गल्लीच नव्हती.”

“ठाऊक हाये,” प्रेमानंद म्हणाला. तेवढंच. त्यानं ते माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मी खाली बसलो, त्याच्या शेजारी, जगऱ्याच्या धुराकडच्या अंगाला. रोडगा फोडला आणि खाल्ला. जनकाबाईबद्दल तो खोटं बोलला नव्हता.

सगळ्यात आधी प्रभूला कंठ फुटला. “मंग तीन वर्षं माझ्याकडून बिनकांद्याचं वरण काहून करून घेतलं हो? दोन दोन पातेली घासली मी!”

“चुकलो.”

“चुकलो काय! कांदा खाणारा माणूस!” मग तो थांबला, इकडं तिकडं बघितलं आणि परातीतून एक रोडगा उचलला. “मीबी पाटील न्हाई. शिंपी हाये. गोरेगावात दुकान हाये माझं.”

हे मात्र सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. तो बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाही, खांद्याचं माप घेतो.

मग रांगच लागली. कुणाचा बाप हमाल निघाला, कुणाचा आजा मेंढरं राखायचा. पाच मिनिटांत दोन्ही संस्थानं खालसा झाली. जो तो खरं नाव सांगायचा आणि रोडगा उचलायचा. लोक चहा पितात तितकं ते सोपं दिसत होतं. एवढी वर्षं ते कुणालाच का जमलं नाही, हे कळेना.

भारतची पाळी आली. तो उभा होता, कपड्याला पीठ लागलेलं. मला त्याचं खरं आडनाव ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला त्या क्षणी कळलं. मी धरणाकडं बघितलं. ज्याचं टपाल त्यानंच फोडावं.

“तुमी सगळे येडे झाले,” भारत म्हणाला. त्यानं मोटारसायकलची किल्ली काढली. रोडगा न उचललेले दोघं जण त्याच्यामागं गेले. एका गाडीवर तिघं बसून, धुरळा उडवत, उपाशी.

आम्ही आठ उरलो. प्रेमानंदनं आठ जणांना वाढलं. ताटं बरोबर पुरली.

बॅनर प्रभूनं शिवलं. शिंप्यानं स्वतःची जात कबूल केल्याचा हा फायदा. आता तो उघडपणे टीप मारू शकत होता. मोर्चाच्या दिवशी पहाटे आम्ही गोरेगावच्या जीप स्टॅंडवर जमलो. तिथं जनकाबाई आली होती, हातात रोडग्यांचं फडकं घेऊन. तिनं आम्हा सात जणांकडं एकेक करून बघितलं.

“ह्यातला देशपांडे कोण?”

मी हात वर केला.

“दोन वर्षं माझ्या लेकराला धुराकडं बसवलं तुमी,” ती म्हणाली.

“व्हय, बाई.”

“आज जीपमधी खिडकीकडं त्याला बसवा.” मग लेकाकडं वळली. “आन् तिथं नाव सांगशील तर माझंबी घे. बापाचं सगळेच घेतात.”

मोर्चा मोठा होता. ढोल होते, रंगीत झेंडे होते. पोरं पोरं हातात हात घालून चालत होती. छातीत काहीतरी होत होतं, ते ढोलामुळं असं मी तेव्हा धरून चाललो. बॅनरवर प्रभूनं लिहून शिवलं होतं, ‘हिंगोली जिल्हा’, आणि ते प्रेमानंदनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. टोपी नाही, गॉगल नाही. फुटपाथवरचे लोक बोट दाखवून विचारत होते, “हिंगोलीतबी असतात का?” प्रेमानंद प्रत्येकाला मान हलवून ‘व्हय’ म्हणत होता. दोन किलोमीटरमध्ये त्यानं जिल्ह्याची जेवढी माहिती लोकांना दिली, तेवढी कुणी दिली नसेल.

शेवटी स्टेजवर अंजली माइकवर म्हणाली, “इथं आपण सगळे एकच आहोत. जात, धर्म, गाव सगळं बाहेर ठेवून आलोय.” टाळ्या पडल्या. मग हिंगोलीला बोलावलं.

प्रेमानंदनं माइक हातात घेतला. “ताई, माफ करा. मी काहीच बाहेर ठेवून आलो न्हाई. बाहेर ठेवायला माझ्याकडं कुणी जागा दिली न्हाई. मी सगळं संग घेऊन आलोय. मी प्रेमानंद, जनकाबाईचा आन् सोनाजीचा. पाईकराव. बौद्ध. मी पुरुषांवर प्रेम करतो. शेळ्यांना लस टोचतो. यातलं एक काढाल तर मी अर्धा ऱ्हाईन, आन् अर्धा माणूस एवढं मोठं बॅनर धरू शकत न्हाई.”

मग ज्या टाळ्या पडल्या त्या मघाच्या टाळ्यांच्या कुळातल्या नव्हत्या. बाजूच्या जिल्ह्याच्या बॅनरमागची एक पोरगी तोंड झाकून रडत होती. अंजलीही टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता काहीतरी विचार करत होती, हे तिचं चांगलं.

प्रेमानंदनं माइक मागं वळवला. “माझ्यामागं आणखी सात हायेत. ज्याला सांगायचं त्यानं नाव सांगा. न सांगितलं तरी चालतंय.”

माइक माझ्यासमोर आला. सहासष्ट वर्षांचं वय, समोर हजारभर माणसं. अडतीस वर्षं मी लोकांची नावं दारोदार मोठ्यानं पुकारली. स्वतःचं कधी पुकारलं नव्हतं.

“नामाजी पोले,” मी म्हणालो. “मुक्काम पोस्ट साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.” आणि पिनकोडसकट सांगितलं. पत्ता अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

परतताना जीपमध्ये प्रभूनं फोटो ग्रुपवर टाकला. मध्ये बॅनर, बॅनरमागं आम्ही सगळे. टाकल्यावर लक्षात आलं, ग्रुपमध्ये मोतीबाई आहेत. पुसायला गेला, तोवर त्यांचा आवाज आला. आम्ही जीप थांबवून ऐकला.

“फोटो लई छान हाये. झेंड्यामागचं मधलं पोरगं प्रेमानंद हाये ना? शोभून राहिलं. फोटोत शेळ्या कुठं हायेत ते मात्र दिसून न्हाई राहिलं. माझ्या शेळीचं पोट आता बरं हाये, त्याला सांगा.”

त्यांना सगळं कळलं की काहीच नाही, यावर गोरेगाव येईपर्यंत आमच्यात वाद चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरेगावात उतरत होतो तेव्हा आणखी एक मेसेज आला. भारतचा. महिनाभर तो ग्रुपवर गप्प होता, पण बाहेर पडला नव्हता. आता नावाच्या जागी सरदेशमुख नव्हता, नुसतं ‘भारत’ होतं. त्यानं लिहिलं होतं, ‘बॅनर डावीकडून वाकडं धरलंय.’

आम्ही सगळ्यांनी प्रेमानंदकडं बघितलं. त्यानं खिडकीकडच्या जागेवरून उतरत, एका हातानं गुंडाळलेलं बॅनर सांभाळत, दुसऱ्या अंगठ्यानं उत्तर टाइप केलं. ‘रविवारी ये. गोवऱ्या रचायला माणूस कमी हाये.’

जीपवाला निघून गेला. प्रभू दुकान उघडायला गेला.

मग भारतनं विचारलं, ‘किती वाजता?’